लाल गुरुवार

ललितला सुट्ट्यांतलं कळतं, हे त्याच्या लोधीपुरा मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं, कारण ते सगळ्यांना ललितनेच सांगितलं होतं. "रजा मागणारे पुष्कळ," तो चहाच्या टपरीवर म्हणायचा, "रजा लावणारा एखादाच." जळगावची कंपनी सोडून गेल्या पावसाळ्यात तो बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी ऑफिसात बाबू म्हणून लागला. दिवाळीला त्याने एकाच रजेत असा काही आठवडा गाठला, की ऑफिसवाले त्याला पंडितजी म्हणू लागले.

यंदाचा डाव मोठा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. त्याची बायको रंजिताही दरवर्षी रावेरला जायची, पण ललित तिला दारात उतरवायचा आणि गाडी बंदही न करता परत फिरायचा. "आमचा जावई म्हणजे पोस्टमन," असं सासरे वामनराव चारचौघांत म्हणायचे आणि ते रंजिताला फार लागायचं. म्हणून यंदा ललितने शब्द दिला होता: मुक्काम करीन, रविवारपर्यंत हलणार नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभं राहून त्याने तिला हिशेब समजावला. कॅलेंडर दरवर्षीप्रमाणे वामनरावांनीच रावेरहून पाठवलेलं होतं.

"बुधवारी आखाजी, ऑफिस बंद. गुरुवारी एक मे, हे बघ, लाल. शुक्रवारी मी रजा टाकतो. शनिवार-रविवार आपलेच."

"नक्की ना?"

"छापलेलं आहे, रंजू."

मंगळवारी संध्याकाळी शिपाई दगाभाऊ ऑफिसला कुलूप लावून त्याच्याकडे आले. त्यांना चांदनी गावी लेकीकडे जायचं होतं, ते सोमवारीच उगवणार होते. "पंडितजी, गुरुवारी कोन उघडील?"

"गुरुवार लाल आहे, दगाभाऊ. द्या ती चाबी माझ्याकडे, मी येतो सोमवारी लवकर."

दगाभाऊंनी विश्वासाने चाबी दिली. पंडितजींनी ती पँटच्या खिशात टाकली आणि विसरून गेले.

आखाजी झकास झाली. रंजिता आणि भूमिका, दोघी मायलेकी झोक्यावरून उतरेनात. ललितने मांडे इतके हाणले, की वामनराव त्याला पोस्टमन म्हणायचं विसरले. रात्री तो ओसरीवर घोरत पडला तेव्हा रंजिताने आईला तो मुद्दाम दाखवला. "बघ, मुक्काम केला."

गुरुवारी सकाळी समोरच्या शाळेत झेंडा लागला. बँकेला कुलूप होतं. ललित पायावर पाय टाकून चहा पीत होता, तेवढ्यात साहेबांचा, म्हणजे योगेंद्रजींचा फोन आला.

"ललित, कहाँ हो?"

"ससुराल में, सर. छुट्टी है ना."

"किस बात की?"

"महाराष्ट्र दिन की, सर."

साहेबांनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "ललित, बुरहानपुर कहाँ है?"

ललित गोंधळला. "ताप्ती के किनारे, सर."

"और राज्य?"

ललितने चहाचा कप खाली ठेवला. "पर सर, यहाँ तो बँक भी बंद है."

"यहाँ ऑफिस बंद है. सारा स्टाफ सीढ़ी पर बैठा है. दगा फोन पर बोल रहा है, चाबी पंडितजी के पास है."

ललितचा हात खिशात गेला. चाबी होती.

"काय झालं, जावईबापू?" वामनरावांनी विचारलं.

"आमच्याकडे आज सुट्टी नाही म्हणे."

"असं कसं? एक मे ना आज?"

"आम्ही मध्य प्रदेशात राहतो ना, मामा."

वामनराव विचारात पडले. "मग तुमच्याकडे आखाजी तरी राहते की नाही?"

ललितला त्या क्षणी तेही खात्रीने सांगता येईना. रंजिताने मांड्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि त्याने गाडीला किक मारली.

रस्त्यात केळीचे ट्रक आडवे, डोक्यावर ऊन. तो घामाने निथळत ऑफिसला पोचला तेव्हा पायरीवर फक्त साहेब होते.

"सबको घर भेज दिया. इतनी धूप में कौन बैठेगा? आज उनकी छुट्टी," ते म्हणाले. "आप खोलिए और पाँच बजे तक बैठिए. कल की आपकी रजा मंज़ूर है, उसमें कुछ नहीं बोलूँगा." आणि साहेबही गेले.

रिकाम्या ऑफिसात पंख्याखाली बसून त्याने रंजिताला फोन लावला. "सगळ्यांना सुट्टी मिळाली, मला सोडून. मला खरंच वाटलं होतं गं."

"माहीत आहे. भूमिकाच्या शाळेचा मेसेज मंगळवारीच आला होता, गुरुवारी शाळा सुरू म्हणून. तेव्हाच कळलं मला, तिकडे सुट्टी नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर काल राहिला असतात का तुम्ही?"

ललितने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "नसतो राहिलो," तो म्हणाला. "उद्या सकाळीच येतो."

"या. आणि चाबी तिकडेच कोणाला तरी देऊन या."