पगारेकाकांचा उजवा कान

"थंडी कानातून शिरते," असं आमच्या कॉलनीत येताजाता सगळ्यांना बजावणारे पगारेकाका स्वतः मात्र उजव्या कानावर भोक असलेली टोपी घालून हिंडतात. तेही नाशिकच्या थंडीत आणि मोटारसायकलवर.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. हिवाळ्यात त्यांचं निघणं बघण्यासारखं असतं. स्वेटरच्या आत वर्तमानपत्र, डोक्याला हिरवी जाडजूड माकडटोपी आणि तिच्यावर हेल्मेट. ते काही डोक्यावर बसत नाही. मग बरणीचं झाकण बसवावं तसं काका ते दोन्ही हातांनी दाबतात. टोपीच्या भोकात कापसाचा बोळा. स्वतःच "डबल बेल!" म्हणून ओरडायचं आणि निघायचं.

टोपी बदला म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी तर हेल्मेटखाली घालायची एक पातळशी टोपी विकतच आणून दिली. काकांनी ती चिमटीत धरली.

"ही टोपी हाय का पायमोजा?"

"काका, लय गरम असते."

"मग पायात घाल."

मला रागच आला. हट्टाला काही सुमार? एका रविवारी ते येवल्याला बहिणीकडे निघाले, तेव्हा मुद्दामच मागे बसलो. निफाडपाशी माझे दात वाजायला लागले.

"काका, कान दुखत नाही का?" मी ओरडलो.

"दुखतो ना! दुखू दे! आपुन काय थंडीला भीत नाय!"

काकांची आई लवकर गेली. त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आक्कानं जन्मभर हातमागावर पैठण्या विणल्या. आता डोळे गेल्यातच जमा आहेत, पण दर हिवाळ्यात भावासाठी लोकरीची टोपी विणते. येवल्याला पोचलो, तशी गाडीचा आवाज ऐकून ती दारात आली. काकांनी हेल्मेट काढलं आणि झटकन उजव्या कानावर हात ठेवला. आक्काची बोटं टोपीवरून फिरू लागली.

"टाका सुटला नाय ना रे कुठं?"

"एक बी नाय. विकतचा माल झक मारतो, आक्का."

"मग कानावर हात कशाला?"

"थंडी कानातून शिरते ना!"

आक्का हसली. "हात चालतोय अजून माझा," ती म्हणाली.

परत निघताना मी हळूच म्हटलं, "काका, तेवढं भोक रफू करून घ्या ना."

"दुसऱ्याचा टाका ती बोटानं वळखते. तिनं विणलीय, मी घालणार. बास!" काकांनी हेल्मेट दाबून बसवलं.

तेवढ्यात आक्कानं मला थांबवलं. माझ्या डोक्यावर वीत टाकून माप घेतलं आणि म्हणाली, "ह्याचं डोकं उघडंच हाय की. ह्याची बी करते."

माझी टोपी निळी आहे. भोकं दोन्ही कानांवर आहेत. थंडी कानातूनच शिरते, हे आता मी खात्रीनं सांगू शकतो. आणि टोपी बदला असं कुणी सांगितलंच, तर त्याला काय उत्तर द्यायचं तेही मला ठाऊक आहे.