गुप्ते काकांची नदी

गुप्ते काका सकाळी भेटले की 'गुड मॉर्निंग' म्हणत नाहीत. आकडा सांगतात.

"अठ्ठावन्न!" कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेता नेता ते ओरडतात, आणि आपण काही बोलायच्या आत घरात गडप होतात. क्युपर्टिनोत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटलं, हे त्यांचं वजन. मग एके दिवशी 'एकसष्ट' झालं, दुसऱ्या दिवशी 'चौसष्ट'. मी नवऱ्याला म्हटलं, "समीर, काकांचं काहीतरी झपाट्यानं वाढतंय, जरा विचार ना." समीरनं विचारलं. आकडा नदीच्या पाण्याच्या तापमानाचा निघाला, तोही इथल्या फॅरनहाइटमधला. नदी इथली नव्हे. हजारेक मैलांवर, मोंटानाच्या डोंगरातली. काकांनी ती कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तरी ते तिला 'आपली नदी' म्हणतात.

काका चिप इंजिनिअर होते. चिप किती तापते हे मोजण्यात तीस वर्षं गेली आणि रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. "डेटा बघा, डेटा," हे त्यांचं पालुपद. भाजी खारट झालीय का, असं काकूंनी विचारलं तर "डेटा अपुरा आहे" म्हणून पुन्हा वाढून घेतात. नदीचा आकडा एका सरकारी वेबसाइटवर दर पंधरा मिनिटांनी बदलतो आणि त्याबरोबर काकाही बदलतात. साठच्या खाली असले की गुणगुणत असतात. सत्तरीच्या आसपास गेले की त्यांच्याशी बोलायला जाऊ नये.

आमच्या एका मित्राच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मला सोफ्याच्या कोपऱ्यात गाठलं. "ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. अडुसष्टच्या वर गेलं आणि तुम्ही त्याला गळाला लावलंत, तर नंतर सोडलंत तरी तो मरतो. दमून! म्हणून उन्हाळ्यात भल्या पहाटे उतरायचं आणि दुपारी दोनच्या आत बाहेर. काय?"

"हो काका."

"हो काय? लोक ऐकत नाहीत!" त्यांचा आवाज इतका चढला, की पाळण्यापाशी कानात नाव सांगणारी आत्या दचकून थांबली.

आता मजा अशी, की गुप्ते घराणं सीकेपी. मासा म्हणजे काय ते त्यांना तुम्हीआम्ही शिकवायला नको. इथल्या चायनीज मार्केटमध्ये काका पापलेटाचे कल्ले उचलून असे बघतात, की दुकानदार आपणहून आतला ताजा माल काढतो. असा माणूस, जो मासा कधी ताटात येणार नाही त्याच्या श्वासाची काळजी करत दिवसभर लॅपटॉपपुढे का बसतो, याचा उलगडा मला होईना. तो काकूंनी केला, वाल सोलता सोलता.

काकांना एकच मुलगी, केतकी. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, उत्तम सॉफ्टवेअरची नोकरी. सहा वर्षांपूर्वी तिनं ती सोडली आणि मोंटानात जाऊन फिशिंग गाइड झाली. म्हणजे लोकांना नदीवर न्यायचं, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर अलगद कशी टाकायची ते शिकवायचं, आणि ट्राउट लागला की त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचं.

"सोडून द्यायचं?" काका म्हणाले होते. "निदान खाता तरी का? गुप्त्यांच्या घरची मुलगी मासा धरते आणि सोडून देते! लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, ती खूश आहे," केतकी म्हणाली होती.

"मग खूशच राहा. इकडे फोन करायची गरज नाही."

काकू म्हणाल्या, दोघंही एका मातीची. त्यानंतर बाप-लेकीत अवाक्षर नाही. दर रविवारी केतकी आईला फोन करते, तेव्हा काका पलीकडच्या खोलीत टीव्ही लावून बसतात आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवतात. "मला काही कळत नाही असं त्यांना वाटतं," काकू म्हणाल्या. "आणि हे बघ." त्यांनी मला देव्हाऱ्याशी नेलं. कृष्णामागचं मोरपीस पार विरळ झालं होतं. माशी बांधायला मोरपिसाचे तंतू उत्तम, असं काकांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. श्रीखंडाच्या डब्यात त्यांनी बांधलेल्या चाळीसेक माश्या होत्या. खरं सांगायचं तर त्या झुरळांसारख्या दिसत होत्या. पाठवत का नाही असं काकूंनी विचारलं, तर म्हणे, तिकडे दुकानात चांगल्या मिळतात.

गेल्या जुलैत आमची मोंटानाची ट्रिप ठरली. काकूंनी लगेच केतकी काम करते त्या फिशिंगच्या दुकानाचा पत्ता दिला आणि डबाभर निनाव करून दिला. हा गूळ-नारळाचा जाड, खरपूस केक म्हणजे सीकेपींचा जीव की प्राण. निघताना मी काकांना विचारलं, "काही निरोप द्यायचाय?"

"कुणाला?" काका म्हणाले. मग गाडीच्या टायरकडे बघत, "तिकडे ऊन फार असतं. सगळ्यांनीच टोप्या घालाव्यात."

दुकान म्हणजे नदीकाठची लाकडी खोली. उन्हाळ्यात ही मंडळी उजाडता उजाडता पाण्यात उतरतात, म्हणून आम्ही सहाला दहा मिनिटं असतानाच पोचलो. बाहेर चांगलीच थंडी होती आणि नदीवरून वाफ निघत होती. छातीपर्यंतची रबरी विजार घातलेली, नाक थेट काकांचं, अशी एक मुलगी पुढे आली. "ताई ना? आईनं फोटो पाठवला होता." डबा उघडून तिनं उभ्याउभ्याच निनावाचा तुकडा तोंडात टाकला आणि क्षणभर डोळे मिटले.

बरोबर सहाला काउंटरवरचा फोन वाजला. त्याच्याजवळ उभा असलेला पांढऱ्या दाढीचा मालक जागचा हलला नाही. "केट, तुझा माइक," एवढंच म्हणाला.

केतकीनं हात पुसले आणि फोन घेतला. बोलणं सगळं इंग्रजीत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीनं.

"गुड मॉर्निंग, माइक सर... आज सत्तावन्न... हो, पाणी स्वच्छ आहे. नाही, वणव्याचा धूर नाही आज... दुपारी सत्तरच्या पुढे जाईल, म्हणून आम्ही एक वाजताच थांबवतोय... हो, गाइडसुद्धा बाहेर येतात, सर... हो, टोप्या असतात... नाश्ता? झाला. दोन अंडी, टोस्ट... आणि आज गोडही खाल्लं." मग म्हणाली, "सर, सप्टेंबरमध्ये पाणी सगळ्यात छान असतं. गर्दीही नसते. एक दिवस ठेवू का तुमच्यासाठी?... बरं. विचार करून सांगा."

तिनं फोन ठेवला. मी समीरकडे बघितलं. तिथले सहा म्हणजे क्युपर्टिनोतले पहाटेचे पाच.

"हे कोण माइक?" मी विचारलं.

"सॅक्रामेंटोचे. रिटायर्ड डेंटिस्ट आहेत, असं ते सांगतात," केतकी म्हणाली. "गेल्या वर्षीपासून रोज फोन करतात. हिवाळ्यातसुद्धा. तेव्हा बर्फ किती पडला ते विचारतात. पहिले दोन दिवस मला खरंच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, गाइड लोक वेळेवर जेवतात का. फिशिंगला येणारा माणूस हे कधी विचारत नाही, ताई."

"अगं, मग सांगून टाक ना, ओळखलं म्हणून!"

तिनं मान हलवली. "सांगितलं तर ते फोन बंद करतील. यू नो बाबा. चार वर्षं आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. आता रोज बोलतो. ते तरी कशाला घालवू?" एवढं बोलून ती आम्हाला विजारी द्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला अगदी भरून आलं. नंतर नदीत उभी राहून मी माशी अकरा वेळा माझ्याच टोपीत अडकवली, त्याला हेही एक कारण होतं.

परत आल्यावर मी कुणालाच काही बोलले नाही, काकूंनाही नाही. काकाही आठ दिवस फिरकले नाहीत. मग एका शनिवारी दुपारी आले, ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. मी चहा टाकला.

"तिथे दुकानात फोनवर एक मुलगी असते म्हणे," ते म्हणाले. "मी आपला एकदा सहज फोन केला होता. पाण्याची चौकशी."

"एकदा?"

"एकदा-दोनदा. बोलते छान. उद्धट नाही अजिबात. चांगल्या घरातली वाटते."

"वाटते खरी," मी म्हटलं.

काकांनी ओट्यावरचा साखरेचा कण बोटानं टिपला, पुन्हा ठेवला. "सप्टेंबरचं बुकिंग करायचं झालं, तर तिथे... खरं नाव द्यावं लागतं का?"

मला नियम मुळीच ठाऊक नव्हता. "लागतं, काका," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. तो लागला तेव्हा ते स्टुलावरून उठून उभे राहिले, इंटरव्ह्यूला राहतात तसे. "हॅलो," ते इंग्रजीत म्हणाले, "मला सप्टेंबरमधला एक दिवस हवाय. नाव लिहून घ्या. मुकुंद गुप्ते."

काका फोन कानाशी घट्ट धरून उभे होते.

"हो गं," मग ते मराठीत म्हणाले, "मीच."

मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. बराच वेळ ते नुसते ऐकत होते.