सगळे जिंकले

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी काढून घ्या आणि जन्मभर मला पेज पाजा.

तर न्यायदानात मुळात अडचण एकच असते. कुणीतरी हरतं.

आमच्या कोर्टाने हे शास्त्रशुद्ध शोधून काढलं. त्यांनी एक उत्कृष्टता समिती नेमली. समितीने वर्षभरातल्या तीनशे बारा तक्रारी तपासल्या. त्यातल्या तीनशे अकरा हरलेल्यांच्या होत्या. (उरलेला एक जिंकला होता, पण त्याची छत्री व्हरांड्यातून गेली होती.) निष्कर्ष सरळच होता. पुढच्या एक तारखेपासून हरणं बंद.

काय सुंदर वातावरण झालं हो! रोज सकाळी कारकून एकमेकांसाठी टाळ्या वाजवायचे, मग फायली उघडायच्या. उघडायला वेळ उरला तर. उत्कृष्ट कर्मचारी म्हणून सलग तीन महिने लोखंडी कपाट निवडलं गेलं. (रजा नाही, उशीर नाही, उलट उत्तर नाही.) घटस्फोटाच्या एका दाव्यात नवऱ्याला घटस्फोट मिळाला आणि बायकोला संसार. सायकलचोर सुटला, आणि सायकलवाल्याला सायकल खरंच चोरीला गेल्याचं प्रमाणपत्र मिळालं, तेही फ्रेम करून.

तेवढ्यात माझ्या धाकट्या जावेचा दावा बोर्डावर आला.

धाकटी कोटांना काजं करते. हाताने. तिच्या खोलीला एकच खिडकी, आणि शेजारच्या पत्रेवाल्याने त्या खिडकीला चिकटून भिंत घातली. भर दुपारी दिवा लावला तरी काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. काजं वाकडी जायला लागली. शिंप्याने बारा कोट परत पाठवले आणि निरोप दिला, "अजून एक वाकडं काज आलं तर काम दुसरीला देईन."

निकाल अकरा मिनिटांत लागला. (आधीची सरासरी चौदा वर्षं.) खिडकी उघडी राहील. भिंतही उभी राहील. दोघांचं अभिनंदन.

"साहेब, पण उजेड?" धाकटीने विचारलं.

न्यायाधीश मायेने म्हणाले, "बाई, उजेड या दाव्यात पक्षकार नाही."

बाहेर शिपाई फॉर्म घेऊन उभाच होता. "ताई, समाधान किती? पाच तारे करा."

"एकही नाही करणार!"

"तसा रकानाच नाही ओ ताई. पाचापासून सुरू होतं."

धाकटी माझ्याकडे वळली. "जाऊबाई, मी जिंकले म्हणजे नक्की काय झालं?"

मी म्हटलं, "घरी चल. चहा करते."

वर्षअखेरीला कोर्टाचा सोहळा झाला. समाधान शंभर टक्के. (खरं तर एकशे चार. काहींनी आनंदाच्या भरात दोनदा फॉर्म भरला होता.) स्टेजवर धाकटी आणि पत्रेवाला शेजारी शेजारी उभे, दोघांच्या हातात विजयाची ढाल. पत्रेवाल्याचे दात दिसत होते. धाकटी बोटांवरची सुईची भोकं पदराखाली लपवत होती. आणि तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठली.

"अहो, पण भिंत?" ती म्हणाली.

एवढंच. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समितीने एकमेकांकडे पाहिलं. आठ दिवसांत भिंत पडली, आणि धाकटीची काजं पुन्हा सुतासारखी सरळ झाली.

हायसं वाटलं ना?

कवळी राहू द्या, मी कबूल करते. एक गोष्ट पदरची घातली. ती बाई. तशी कुणी उठलीच नाही. बाकी कोर्ट, कपाट, एकशे चार टक्के, सगळं खरं. आणि बाई उठली नाही म्हटल्यावर भिंत कशाला पडतेय?

हॉलमध्ये आम्ही दोनशे माणसं होतो. सगळी तुमच्यासारखीच, समजूतदार. आत्ता तुम्ही वाट बघत होतात ना, तशीच आम्हीही बघत होतो, कुणीतरी उठेल म्हणून. टाळ्या मात्र दणक्यात वाजल्या.