डिकीतला दिवा

मोटारीतील विजेचा दोष शोधायला मेकॅनिक लागत नाही, एकांत लागतो, असे माझे ठाम मत होते. मेकॅनिक घाई करतो, हातोडी मागतो आणि मग चहा मागतो. माझ्याजवळ एक मल्टीमीटर होता, मोबाईलवर उतरवून घेतलेला एका तज्ज्ञाचा व्हिडिओ होता आणि एकांत तर जन्मापासूनच मुबलक होता. म्हणून वेळ अमावस्येच्या सकाळी, सारे घर अक्कलकोटकडच्या शेतावर जेवायला निघाले असताना, मी काकूला म्हणालो, "संध्याकाळपर्यंत गाडी बरी करून ठेवतो. मग ती देऊन टाकायचे कारणच उरणार नाही."

"काय पुटपुटलास?" काकू म्हणाली. "जरा मोठ्यानं बोलत जा की प्रभ्या. शेजारी बसून ऐकू येत न्हाय."

गाडी संगप्पाकाकांची. पांढरी, डिकीवाली, वयाने माझ्याहून थोरली. उन्हाळ्यात काका गेले आणि तेव्हापासून ती दर दोन-तीन दिवसांनी निपचित पडू लागली. बॅटरी चार्ज करून ठेवावी, तर रात्री कोणीतरी तिच्या गळ्याला तोंड लावून प्यावे तशी तिसऱ्या सकाळी रिकामी. मालकामागे गाडीचा जीव रमत नाही, असे गल्लीचे निदान होते. काकूने ती आपल्या चुलतभावाला, रेवणप्पाला, देऊन टाकायचे ठरवले होते. शेतावरून परतताना तो तिच्यासोबतच येणार होता.

मला ते सोसवत नव्हते. रविवारी काका मला शेजारच्या सीटवर बसवत आणि गाडी जागची न हलवता आम्ही दोघे तासभर समोरच्या भिंतीकडे पाहत असू. गप्प बसणे हा ज्याच्या लेखी दोष नव्हता, असा माझ्या ओळखीतला तो एकच माणूस.

वेळ अमावस्येच्या दुपारी आमची गल्ली कोणी उचलून नेल्यासारखी होते. शेजारचे यंत्रमाग बंद होते. त्यांचा खडखडाट नसला की कानांना स्वतःचेच रक्त वाहताना ऐकू येते. मी एकेक फ्यूज काढत, मल्टीमीटरचा काटा पाहत, संशयितांची संख्या कमी करत गेलो. शेवटी एकच उरला, डिकीतला दिवा. झाकण लावले की तो विझायला हवा. परंतु झाकण लावल्यावर तो विझतो की नाही, हे झाकण लावल्यावर दिसत नाही. मृत्यूविषयीही माणसाची हीच अडचण झाली आहे.

मी चालू व्हिडिओसकट मोबाईल कट्ट्यावर ठेवला, चावी डिकीच्या कुलपातच राहू दिली, आत शिरलो आणि झाकण ओढून घेतले. खट्ट.

दिवा विझला नाही.

दोष सापडला होता. झाकणाने दाबले जायचे ते बटण अडकून दबेनासे झाले होते आणि हा पिवळा, आजारी उजेड महिनोन् महिने कोणी न पाहता जळत होता. त्या क्षणी साऱ्या सोलापुरात माझ्याइतका विजयी मनुष्य नसेल. मी झाकण उचलू लागलो. ते उचलेना. कट्ट्यावरून तज्ज्ञाचा प्रसन्न आवाज आला, "इथे एक सूचना. डिकीत स्वतः शिरू नये. मोबाईल ठेवून चित्रण करावे."

त्यानंतर व्हिडिओही संपला.

मी हाक मारून पाहिली. माझा आवाज मुळातच डिकीतून आल्यासारखा आहे. शाळेत 'हजर' म्हणूनही मी कित्येकदा गैरहजर लागलो. आता तर तो खरोखरच डिकीतून येत होता. हाकेला उत्तर म्हणून टपावरून कोणीतरी चालत गेले. हलकी पावले, मग थांबणे, मग नेमके माझ्या डोक्यावर बसणे. ते मांजर असावे, असे मी ठरवले. जादा चाकामागे काकांचे गाडी पुसायचे फडके सापडले. घडी घातलेले आणि ओले. काका जाऊन दोन ऋतू उलटले होते. डिकीचे रबर गळत असावे, असा तर्क मी केला आणि तो मोठ्याने केला, म्हणजे निदान मला तरी ऐकू यावा. दिवा हळूहळू लालसर होत चालला होता. माझी सोबत करता करता तो गाडीचे प्राण पीत होता, आणि त्याला दोष द्यायला मन घेत नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग जीप थांबल्याचा आवाज आला.

काकूचा आवाज आला, रेवणप्पाचा आला आणि शेजारच्या धनलक्ष्मीचाही आला. मी तोंड उघडले आणि मिटले. लोक बोलत असताना मध्येच बोलणे मला जमत नाही. मी खंड पडण्याची वाट पाहतो. सोलापुरात तो पडत नाही.

"प्रभु कुटाय?" रेवणप्पाने विचारले.

"गेला असंल वाचनालयात," काकू म्हणाली. "मोबाईल बघ, कट्ट्यावर टाकून गेलाय."

"तो घरात असला तरी कुटं दिसतो काकू," धनलक्ष्मी म्हणाली. "मागच्या संक्रांतीला मी त्याच्या अंगावर चादर वाळत घालणार होते."

हे ऐकल्यावर बाहेर येणे अधिकच अवघड झाले. काकूने देण्याआधी गाडीची पूजा मांडली, अमावस्येला मांडतात तशी. लिंबू, नारळ, कापूर. मी गुडघ्याने झाकणाला धक्का दिला.

"काकू, थांबा की," धनलक्ष्मी दबक्या आवाजात म्हणाली. "चावी हलतीय."

"वारं असंल," रेवणप्पा म्हणाला.

"वारं कुटलं? लिंबाचं पान हलंना."

शब्दांनी जमत नाही ते उजेडाने जमेल, असे मला वाटले. मी डिकीच्या दिव्याची वायर उपटली. अंधार झाला. तीच वायर चाचपडत मागच्या ब्रेकच्या दिव्याला टेकवली. माझा उजेड काढून मी तो बाहेर दिला, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर एकदम सारे निःशब्द झाले. मी ज्या खंडाची वाट पाहत होतो तो हाच, परंतु तो इतका मोठा होता की त्यात बोलायचे धैर्य होईना.

"शिवबाई," रेवणप्पा काकूला म्हणाला, "आत कोण न्हाय. चावी मागं लोंबतीय. मग बिरेकचं दिवं कुणी लावलं?"

"काका घरी आले की असंच ब्रेकवर पाय ठेवून बसायचे," धनलक्ष्मी म्हणाली. "लवकर उतरायचेच न्हाईत."

फटीतून कापराचा वास आत आला. अंधार, ओले फडके आणि कापूर. मी मेलो असलो तर तसे मला कोणीतरी कळवायला हवे होते.

"री," काकू म्हणाली.

काकांचे नाव तिने कधी घेतले नाही. आमच्याकडच्या कानडी बायका नवऱ्याला हाक मारतात तशी ती त्यांना 'री' म्हणे. उन्हाळ्यापासून तो शब्द घरात कोणी ऐकला नव्हता.

"री, ही रेवणप्पाला देऊ का? चालत असंल तर दिवं एकदा लावा. चालत नसंल तर लावू नका."

मला काहीच करायचे नव्हते. वायर नुसती दूर धरली की गाडी राहणार होती, भिंत राहणार होती, रविवार राहणार होते. आयुष्यात प्रथमच माझ्या गप्प बसण्याचा कोणाला तरी उपयोग होणार होता, आणि तो मलाच.

"तुमी हितं बसून राहायचा," काकू बोलत होती, "आन मी दारात थांबायची, ताट वाढून. आता बी गाडी दिसली की माझे पाय दारातच थांबतात. जेवण गार होतंय री. रोज होतंय."

मी वायर टेकवली.

काही झाले नाही. पुन्हा टेकवली. मघाच्या त्या एका उजेडात बॅटरीने प्राण सोडला होता.

काकूने बराच वेळ वाट पाहिली. मग तिने सुस्कारा टाकला. "जिवंत असताना कुटल्या गोष्टीला हो म्हटलं, ते आता म्हणतील? ऱ्हाऊ दे, रेवणप्पा."

तेव्हा मी ओरडलो. एवढा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हते. "काकू, देऊन टाक!"

नारळ पडला. धनलक्ष्मीच्या चपला जिना चढून गेल्या. एक खालीच राहिली असावी. रेवणप्पाच्या जीपचे दार लागले आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. काकू मात्र जागची हलली नाही.

"हे आमचे न्हवंत," ती शांतपणे म्हणाली. "आमचे मला काकू कशाला म्हणतील?" आणि तिने चावी फिरवली.

मी गुडघ्यांत मान घालून उजेडात डोळे मिचकावत बसलो होतो. हातात वायर होती आणि मांडीवर काकांचे फडके. काकूने ते आधी घेतले, मग मला हात दिला. रेवणप्पा जीपमधून उतरला, तेव्हा मी त्याला सारे नीट समजावून सांगितले. बटण, दिवा, बॅटरी. गाडीत भूत नाही, निःशंक मनाने न्यावी.

त्याने उपटलेली वायर पाहिली, सुटे फ्यूज पाहिले, मला पाहिले.

"शिवबाई, भूत असतं तर नेली असती," तो म्हणाला. "भुताला उतारा असतो. ह्यानं हात लावलेल्या वायरिंगला काय करायचं?" आणि तो नमस्कार करून निघून गेला.

काकू कट्ट्यावर बसली. तिने ओल्या फडक्याची घडी पुन्हा घातली. "तूच ठिवून घेतलीस," ती म्हणाली, "तर आता तूच बघ. रोज जेवणाच्या आधी ती दारातनं हलवायची. मला उभी दिसाय नको."

मी मान हलवली. बल्ब काढून टाकला, फ्यूज जागेवर बसवले, बॅटरी चार्ज केली. गाडी आता किल्ली फिरवताच सुरू होते. हे मी रोज एकदा तपासून पाहतो आणि बंद करतो. मग खाली उतरतो आणि ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेतो. काकू जेवून उठली की ढकलत परत आणतो. बॅटरी अजून उतरतेच, असे गल्लीला वाटते आणि मी ते वाटू देतो.

मला गाडी चालवता येत नाही.