मी बसलो की टेबल भरतं!

ऑनलाइन पोकरमध्ये आपण का हरतो, हे काम-चुनला अखेर कळलं होतं. पत्ते वाईट नव्हते, डोकं तर मुळीच वाईट नव्हतं. सगळा दोष कमिशनचा! साइट प्रत्येक डावातून पाच टक्के स्वतःच्या घशात घालणार असेल, तर प्रत्यक्ष देव खेळायला बसला तरी तो भिकेलाच लागेल! म्हणून त्याने मकाऊत बसून दिसतील तेवढ्या साइट पालथ्या घातल्या आणि दोन टक्केवाली शोधून काढली. आता फक्त जिंकायचं बाकी होतं!

आणि जिंकणारा माणूस चहा आणि पोर्कचॉप-पाव कशाला विकत बसेल? तीन दिव्यांच्या चौकातल्या त्याच्या दुकानाचा भाडेकरार आजच संपत होता. मालकीणबाई नवा कागद घेऊन येणार होत्या. काम-चुनने बायकोला सांगून टाकलं, "सही करायची नाही!"

लाय-यिंगने चहाची किटली आदळली. "आणि खायचं काय? पत्ते?"

तिने ताबडतोब मोठ्या भावाला बोलावून घेतलं. विंग-होंग कॅसिनोत पत्ते वाटायचा. हरणारी माणसं रोज जवळून पाहून त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला होता.

"दाजी," तो म्हणाला, "गिऱ्हाईक नाही म्हणूनच कमिशन कमी असतं, तिथे कुत्रं फिरकत नाही. तुम्हाला टेबलच मिळायचं नाही."

"तिथेच तर चुकता, दादा! मी बसलो की टेबल भरतं. हमखास!"

विंग-होंगने स्वतःच्या फोनवर ती साइट उघडली आणि एका टेबलावर जाऊन बसला. चहा संपला. दुसऱ्या कपावर साय धरली. टेबलावर दुसरं कोणी आलं नाही.

"आता तुम्ही उठा," काम-चुन बाह्या सरसावत म्हणाला, "आणि आमची जादू बघा!"

स्वतःच्या फोनवरून तो त्या टेबलावर टेकतोय न टेकतोय तोच टप टप टप सगळ्या जागा भरल्या. शिवाय टेबलाबाहेर रांगही लागली!

"दोन टक्के कमिशन आणि टेबल तुडुंब! बोला आता! लाय-यिंग, कागद आला की फाडून टाक!"

लाय-यिंगचाही चेहरा उजळला. दुकान सोडून कोलोआनला समुद्रकाठी राहायला जावं, खिडकीला पडदे कसले लावावेत, इथपर्यंत ती पोचली.

विंग-होंग मात्र खेळाडूंची नावं वाचत होता. "दाजी, हा 'झिंगा-राजा' तुमच्या जुन्या साइटवरही होता ना?"

"होता की! ही 'चांदण्या आजी'सुद्धा! आणि 'ढगातला बैल' तर त्याच्या आधीच्या साइटपासूनचा. जाणकार मंडळी, दादा! कमी कमिशनचा वास लागतो त्यांना!"

"जरा उठा बघू टेबलावरून."

काम-चुन उठला. झिंगा-राजा उठला. आजी उठली. बैल उठला. बाहेरची रांगही पांगली.

"बसा."

काम-चुन बसला. सगळे बसले!

"उठा."

सगळे उठले! काम-चुनला तर उत्साहाचं भरतं आलं. "कवायत आहे अगदी! काय मान देतात बघा!"

लाय-यिंगच्या डोळ्यांपुढचे पडदे खाली उतरले. "अरे बावळटा, ते कमिशन बघून नाही येत! तुला बघून येतात! तू हरतोस म्हणून!"

काम-चुनने आशेने मेव्हण्याकडे पाहिलं. विंग-होंगला आता हसू आवरत नव्हतं.

"आमच्या कॅसिनोत अशा माणसाला राहायला खोली फुकट देतात, दाजी. वर जेवण."

तेवढ्यात मालकीणबाई कागद घेऊन आल्याच. भाडं वाढलं होतं, पण काम-चुनने मान खाली घालून सही ठोकली. त्या गेल्या. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. आणि फोन वाजला. टेबलावरून निरोप होता, "सर, गेलात का? तब्येत बरी आहे ना? सावकाश या, आम्ही सगळे थांबलोय."

काम-चुनला अगदी भरून आलं.

"बघ तरी," तो डोळे पुसत बायकोला म्हणाला, "किती काळजी करतात गं!"