हरकत असणाऱ्यांनी पुढे वाचावे

“…आणि मग तळ्यातल्या हिरव्या म्हाताऱ्यानं बुडालेल्या पोरांचे जीव कपांखाली झाकून ठेवले. एकेक कप, एकेक पोर. बरं, आता हात धुऊन ये. वाढते.”

ल्युडमिला आत्याचा तो आवाज डेल्मर वोंड्राच्या कानात चाळीस-एक वर्षं झाली तरी तसाच होता. आत्या पीठ मळत हे सांगायची. डेल्मर हात धुवायचा, खसखशीचे दोन गोड पाव खायचा आणि गाढ झोपायचा. नेब्रास्काच्या मक्याच्या रानातल्या ड्राय विलो गावात याला संस्कार म्हणत. आता डेल्मर तिथल्या शाळा मंडळाचा अध्यक्ष होता, आणि हल्लीच्या किशोरवयीन पुस्तकांत अंधार फार झाला आहे, ही गंभीर बाब मंडळाच्या निदर्शनास आली होती.

निदर्शनास आणणाराही तोच. त्याची बायको जोलीन वारली त्याला दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून त्यांची सोळा वर्षांची ऑड्रा जेवताना “मीठ द्या” यापलीकडे बोलत नसे. ताटाशेजारी सदा एक पुस्तक उघडं: ‘मार्चमधलं बर्फ’. त्यात नेल नावाची एक मुलगी होती आणि तिची आई आजारी होती. डेल्मरनं ताकावरून ताकभात ओळखला. पोरीची वाचा नेली ती या पुस्तकानं. पुस्तक हटवलं की पोर बोलेल. दुसरं काही कारण शोधायचं तर ते घरात शोधावं लागलं असतं, आणि घर मंडळाच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

“तुम्ही वाचलंय का ते?” शाळेच्या ग्रंथपाल आर्डिथबाईंनी विचारलं.

“वाचायला कशाला हवं? मुखपृष्ठ काळंकुट्ट आहे.”

“बायबलचंही काळंच असतं, डेल्मर.”

“त्याला सोनेरी कडा असते,” डेल्मर म्हणाला, आणि विषय सभेपुढे ठेवला.

मंडळाचा नियम स्पष्ट होता. ज्याची पुस्तकावर हरकत असेल त्यानं माइकपुढे येऊन आक्षेपार्ह मजकूर स्वतः वाचून दाखवावा. प्रत्येकाला तीन मिनिटं. मग अध्यक्षांनी घंटा वाजवावी. शिवाय मजकूर तुटक वाचला तर लेखकावर अन्याय होतो, म्हणून पहिल्या पानापासून क्रमानं वाचावं, असंही वकिलांनी सुचवलं होतं.

पहिल्या हरकतदार वांडा शॅफरबाई. चर्चच्या सहभोजनात भाजलेल्या बटाट्यांची परात यांचीच आधी संपायची, त्यामुळे नैतिक बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी नाक मुरडून वाचायला सुरुवात केली. नेल बर्फातून चालली, मागच्या कोठीपाशी आली, दाराखालून उजेड येत होता, तिनं कडीला हात घातला आणि…

घंटा वाजली.

“दाराआड कोण होतं?” मागून कुणीतरी विचारलं.

“वेळ संपली,” डेल्मर म्हणाला.

“मग माझी पण हरकत आहे,” कुस्तीचे कोच गस उठले. त्यांची मान बैलासारखी आणि आयुष्यातलं वाचन गुणफलकापुरतं. त्यांनी एकेका शब्दाला चीतपट करत नेलला कोठीच्या आत नेलं. आत तिची आई होती, डोक्यावरचे उरलेसुरले केस स्वतःच कापत. नेल पुढे झाली, तिनं आईच्या हातातली कात्री घेतली, आणि पुन्हा घंटा झाली. सभागृहात उसासा असा उठला, जसा मक्याच्या उभ्या रानातून वारा जावा.

त्या रात्री गावातल्या निम्म्या घरांनी हरकत नोंदवली.

पुढची सभा व्यायामशाळेत भरवावी लागली. लोक घडीच्या खुर्च्या, पराती, गाजर घातलेली हिरवी जेली घेऊन आले. पुढच्या रांगा ‘तीव्र हरकत’ असणाऱ्यांना राखून ठेवल्या, तेव्हा गावातली हरकत एकाएकी तीव्र झाली. पाठिंब्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटी होता आणि तिथवर सभा कधी पोहोचतच नसे. म्हणून आर्डिथबाईंनीही निमूटपणे हरकत नोंदवली आणि सातवं प्रकरण इतकं गोड वाचलं, की त्यांचा कडक निषेध ऐकून दोन म्हातारे हुंदके देऊ लागले.

परिणाम दिसू लागले. कोच गस धान्याच्या दुकानात वासरांच्या दूधपावडरीच्या पोत्याला टेकून रडताना आढळले. वांडाबाईंनी अबोला धरलेल्या बहिणीला फोन केला आणि “तू जिवंत आहेस ना?” एवढंच विचारून ठेवून दिला. किशोरवयीन पुस्तकाचा वाचकावर खोल परिणाम होतो, हे मंडळाचं म्हणणं पूर्णपणे सिद्ध झालं. फक्त परिणाम झालेले सगळे वाचक पन्नाशीपुढचे होते. मुलांवर परिणाम तपासायची सोय उरली नव्हती; पुढच्या हरकतींची तयारी म्हणून मोठ्यांनी ग्रंथालयातली सगळी काळी पुस्तकं घरी नेली होती, आणि पोरं बिचारी मका-कापणी यंत्राची माहितीपुस्तिका वाचत बसली होती.

मंडळ हात बांधून बसणारं नव्हतं. ज्यांना इजा होते त्यांचं रक्षण व्हावं, हे नियमात होतंच. तेव्हा ठराव झाला: यापुढे कोणाही प्रौढानं मुलांच्या लेखी संमतीशिवाय प्रकरण ऐकू नये. वांडाबाईंच्या सैन्यातल्या मुलानं दूर छावणीतून संमती पाठवली, ‘झोपताना ऐकवू नये’ या अटीवर. गस यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यासाठी अख्ख्या कुस्ती संघानं सह्या केल्या आणि एक जाडजूड गडी रुमाल घेऊन शेजारी बसवला.

शेवटचं प्रकरण उरलं. ते वाचून झालं की लगेच मतदान, आणि पुस्तक हद्दपार. मतदान अध्यक्षांशिवाय होणार नव्हतं. आणि अध्यक्षांच्या संमतीच्या कागदावर ऑड्राची सही नव्हती.

डेल्मरनं तिला व्यायामशाळेच्या दारात गाठलं.

“सही कर, बाळा. सगळं गाव खोळंबलंय.”

“खोळंबू दे.”

“मी ठराव मांडला, मलाच बाहेर बसवतेस?”

“ठराव तुमचा, बाबा. नियमही तुमचाच.”

एवढी वाक्यं तिच्या तोंडून दोन हिवाळ्यांत निघाली नव्हती. डेल्मरला रागवायचं होतं, पण आनंदच आडवा येत होता. “अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? काय आहे असं त्यात?”

“नेलची आई मरते.”

“तेवढं मला न वाचताही कळतं.”

“मरणार हे नेलला आधीपासून माहीत असतं. तिच्या बाबांना नसतं.”

डेल्मर हसायला गेला आणि मधेच थांबला. ऑड्रानं पुस्तक छातीशी धरलं.

“थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुम्ही भोपळ्याची गोड पाई कापत होता. उन्हाळ्यात तिघं तळ्यावर जाऊ म्हणत होता, होडीचा रंगसुद्धा ठरवला होता. आईला डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिनं मला सांगितलं. तुम्हाला नाही.”

व्यायामशाळेतला गलबला केव्हाच थांबला होता. तीव्र हरकतवाले, अतितीव्र हरकतवाले, सगळे हातातल्या ताटल्यांसकट दाराशी दाटले होते, काटे तोंडाशी तसेच धरून. या मजकुरावर कुणी हरकत घेतली नाही. वाचकहो, आपलीही नसणार, असती तर आपण इथवर कशाला आला असतात?

डेल्मरच्या हातात घंटा होती. ती वाजली नाही.

“मला का नाही सांगितलं तिनं?” त्यानं विचारलं, अगदी हळू.

“मी विचारलं होतं,” ऑड्रा म्हणाली. “ती म्हणाली, ‘बाबांना एवढ्यात नको. त्यांचं वय नाही अजून.’”