भाऊजींचा डावा हात

आमच्या शेजारचे किसनभाऊजी ग्रामसभेत दोन हात वर करतात. उजवा स्वतःचा, डावा लिंबाचा.

लिंब म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचा कडुलिंब. भोकरदनकडच्या आमच्या गावात मेंढरं राखण्यात भाऊजींचा जन्म गेला, अन् साऱ्या दुपारी त्याच्या सावलीत. आता मेंढरं विकली, पोरं पुण्याला, बायको देवाघरी.

सभेआधी भाऊजी लिंबाखाली जाऊन त्याचं मत घेऊन येतात. गंमत अशी, की दोघांचं नेहमी पटतंच असं न्हाई. बोअर पाडायच्या ठरावाला त्यांचा उजवा हात बाजूनं अन् डावा विरोधात. ग्रामसेवक वैतागले. भाऊजी म्हणाले, “मला पाणी पाहिजे साहेब. पण लिंब म्हणतो, तुम्ही एवढे खोल गेल्यावर माझ्या मुळ्यांनी काय प्यावं? लिहून घ्या.”

साहेबांनी काही लिहून घेतलं न्हाई.

यंदा उन्हानं जीव नकोसा केला, अन् सरपंचांना सुचलं काय, तर लिंब तोडून तिथं स्वागताची कमान. वर त्यांचा फोटो. आता टँकर येईस्तोवर आम्ही बाया घागरी घेऊन त्याच लिंबाखाली उभ्या असतो. फोटोची सावली ती केवढी पडणार?

नेमके सभेच्या आदल्या दिवशी भाऊजी, एवढं नाजूक मत खालून कसं विचारावं म्हणून, झाडावर चढले अन् पडले. डावा हात प्लास्टरात.

सभेत विरोध कोणाचा म्हणून विचारलं, तर एकच हात वर गेला. सरपंच हसून म्हणाले, “मामा, आज हा कोणाचा?”

“लिंबाचा,” भाऊजी म्हणाले. “माझं राहू द्या. भाजी कोणती करू, एवढंबी मला विचारणारं कोणी राह्यलं न्हाई.”

मला काय झालं कोण जाणे, मी दोन्ही हात वर केले. मंग मागच्या साऱ्या बायांनीबी केले. ग्रामसेवकांनी तीनदा मोजलं. रजिस्टरात सह्या कमी अन् हात जास्त. शेवटी ठराव पुढच्या सभेवर गेला.

घराकडं येताना भाऊजी हळूच म्हणाले, “वहिनी, तुमचा डावा हात कोणाचा होता?”

“तुमचा.”

“मंग मी काय मत दिलं?”

“तोडायचा न्हाई.”

“बराबर,” त्यांनी मान हलवली. “मी तेच देणार होतो.”

अन् त्यांचं दार मागं पडलं, तरी ते माझ्यासंगं चालतच राहिले.